बातमीदाराचें घर

वर्तमानपत्राचा इतिहास म्हटला कीं आपण संपादकांचीं नांवें मोजतों. गांवोगांवच्या बातमीदाराची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. वेस्ट इंडीजमधील 'त्रिनिदाद गार्डियन' या दैनिकाचा वृत्तान्त वाचतांना आम्हांस हें विशेष जाणवलें.

हें पत्र १९१७ च्या सप्टेंबरांत निघालें. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून गेलेल्या हिंदी मजुरांची त्या बेटावर मोठी वस्ती आहे. अशाच एका ब्राह्मण घरांतील सीपरसाद नायपॉल १९२९ पासून या पत्रांत लिहूं लागले. लंडनहून आलेले संपादक गॉल्ट मॅकगोवन यांनीं त्यांस घडविलें. मॅकगोवनसाहेबांना चटकदार बातम्यांची हौस होती, आणि सीपरसादांची लेखणी तिखट होती. चागुआनास गांवीं, सासरच्या मोठ्या एकत्र कुटुंबाच्या सावलींत राहून ते बातम्या धाडीत.

१९३३ सालीं गुरांत वटवाघळांमुळें रेबीजची सांथ पसरली. सरकार लस टोंचण्यास सांगे. कांहीं हिंदु शेतकरी मात्र कालीमातेस बोकड बळी देत. सीपरसादांनीं या प्रकारावर टीका केली. लगेच निनांवी पत्र आलें: तूंही बळी दे, नाहीं तर मरशील! आपण भीत नाहीं असें त्यांनीं प्रथम बजावलें. पण अखेर जूनमध्यें त्यांनीं बोकड कापविला, आणि ती हकीकतही स्वतःच आपल्या पत्रांत लिहिली. न्यूयॉर्कपर्यंत तिचा गाजावाजा झाला. पत्रास सनसनाटी मजकूर मिळाला. लेखकाचें मन मात्र मोडलें. पुढें कांहीं काळ त्यांस वेडाचा झटका आला होता, असें त्यांचे पुत्र, कादंबरीकार व्ही. एस. नायपॉल यांनीं लिहून ठेविलें आहे.

यांत दोष कोणाचा? ज्यांचीं गुरें डोळ्यांदेखत मरत होतीं, त्या शेतकऱ्यांस सरसकट दुष्ट म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं. परंतु दूर शहरांत बसणाऱ्या संपादकास जें लिहिणें सोपें, तेंच आप्तेष्टांच्या पंक्तीस बसणाऱ्यास किती कठीण, हें या प्रसंगावरून दिसतें. सत्याची किंमत कचेरी भरीत नाहीं. ती बातमीदाराचें घर भरतें.

सीपरसाद कांहीं वर्षांनीं सावरले, पुन्हां त्याच पत्रांत परतले, आणि १९४३ सालीं त्यांनीं आपल्याच लोकांच्या कथांचें पुस्तक छापलें. १९५३ सालीं ते वारले. पुत्रानें १९६१ सालीं त्यांच्या आयुष्यावर आधारलेली कादंबरी लिहिली. २००१ सालीं त्या पुत्रास नोबेल पारितोषिक लाभलें. आपल्या घरांतही एखादा मुलगा घरच्या रूढीविरुद्ध बोलेल, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं निदान त्याचें म्हणणें पुरतें ऐकून घ्यावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.