गेपिंग गिल : दोर आणि गाठी

यॉर्कशर डेल्समधल्या क्लॅपहॅम या चिमुकल्या गावातून इंगलबरो डोंगराची वाट धरली, की ट्रो गिल नावाची चुनखडकाची अरुंद घळ लागते. ती चढून वर यावं तर मोकळं माळरान, मेंढ्या, आणि मधेच जमिनीला पडलेलं भलंमोठं भोक! फेल बेक नावाचा ओढा त्यात सरळ उडी घेतो. हेच गेपिंग गिल. खोली सुमारे १०० मीटर. १८४२ साली जॉन बर्कबेक दोराला लटकून अर्ध्या वाटेवरच्या एका कंगोऱ्यापर्यंत पोचला होता. तळ गाठला तो १८९५ मध्ये एदुआर मार्तेल या फ्रेंच गृहस्थाने, दोराच्या शिडीवरून.

मेअखेर आणि ऑगस्टमध्ये, बँक हॉलिडेच्या सुमारास, इथले गुहाप्रेमी क्लब ओढा तात्पुरता वळवतात, विंच लावतात आणि आपल्यासारख्यांना खुर्चीत बसवून खाली सोडतात. आम्ही उभयता तसेच उतरलो. लीड्सला शिकणारी आमची लेक मात्र कॉलेजच्या क्लबाबरोबर जवळच्या बार पॉट या विवरातून, दोरावरून उतरून आणि मग सरपटत, तळाच्या दालनात येणार होती. आमचं निम्मं लक्ष त्या दोराकडे! मराठी माणसाला दोर म्हटलं की सिंहगड आठवतो, आणि तिथे तर दोर कापूनच टाकले होते.

आमची धास्ती जावी म्हणून तिने आदल्या आठवड्यात घरी जिन्याच्या कठड्यावर आमची शिकवणी घेतली होती. आपल्याकडे गाठी दोन : सुरगाठ, ओढली की सुटणारी, आणि निरगाठ, दातांनीही न सुटणारी. गुहेत दोन्ही बाद. वजन असेपर्यंत तसूभर हलू नये, आणि काम झाल्यावर गारठलेल्या, चिखलाच्या बोटांनी सुटावी, अशी गाठ हवी. म्हणून 'फिगर ऑफ एट', म्हणजे आठाचा आकडा (इंग्रजी बरं का, आपला नव्हे). तिचे पदर समांतर बसवायचे, एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, सगळीकडून आवळायचे आणि टोक वीतभर तरी बाहेर ठेवायचं. मग चूक असली तर दुसऱ्यालाही लांबून दिसते. गाठ मारली की दोराची ताकद चांगली पाव हिश्शाने तरी घटते, पण दोर मुळात इतका दणकट असतो की तेवढं खपतं.

खपत नाही ते घासणं. वजनाखाली ताणलेला दोर खडकाच्या धारेवर पुनःपुन्हा घासला तर उत्तम गाठही काय करणार? म्हणून सगळी अक्कल दोर कुठे बांधायचा यात आहे. खडकात रेझिनने पक्क्या बसवलेल्या पोलादी कड्या असतात. त्यांतल्या दोन घेऊन दोर इंग्रजी 'वाय'सारखा टांगायचा, म्हणजे तो मोकळ्या हवेत लोंबतो आणि एक कडी दगा देती झाली तरी दुसरी धरते. मात्र दोन फाट्यांमधला कोन लहान हवा. भरलेली बादली दोघांनी उचलताना जितकं लांब उभं राहावं तितका हाताला रट्टा जास्त, तसंच हे. कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येक कडीवर अख्खं वजन येतं, वाटणी उरतच नाही. खाली पुन्हा धार आली, तर तिथे दोर नव्याने बांधायचा. त्या जागी 'बटरफ्लाय' गाठ चालते, कारण ती तिन्ही बाजूंनी ताण सोसते.

अशा जागी माणूस एका दोरावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा त्याला धरून ठेवतो कमरेचा आखूड दोर. त्याचं नाव 'काउज टेल'! गायीचं शेपूट धरून वैतरणी तरायची, हे यॉर्कशरवाल्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

आणि दोराच्या अगदी शेवटच्या टोकाला एक गाठ. तिला कोणी हात लावत नाही. दोर तळापर्यंत पोचत नसेल आणि उतरणारा अंधारात टोकापर्यंत आलाच, तर तीच त्याला अडवते. ही गाठ मारायला आमच्यातल्या एकीने तीनदा लावलं. लेकीने कुरकुर केली नाही.

दालनात वरून पाण्याचे तुषार, गोट्यांची ओली जमीन, आणि छताच्या भोकातून येणारा धुरकट उजेड. तिची ठरलेली वेळ टळून वीस मिनिटं गेली. 'परतायची वेळ सांगून आलोय, फार उशीर झाला तर शोधायला येतात,' हे तिने सांगितलं होतं. त्या कामासाठी क्लॅपहॅमला १९३५ पासून स्वयंसेवकांची केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशन आहे, हेही. तरी आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. मग बाजूच्या बोगद्यातून एकामागून एक पाच दिवे आले. तिसरा आमचा.

"आई, शेवटची गाठ मारली होती हं," ती म्हणाली.

परतल्यावर तो सगळा दोर आमच्या बाथटबमध्ये. मातीचे बारीक कण आत शिरले की धागे कापतात, म्हणून दर वेळी धुवायचा आणि हातातून इंच-इंच सरकवत कुठे मऊ पडलाय, कुठे फुगलाय, हे बोटांनी पाहायचं. आम्ही दोघे एका टोकाला, ती दुसऱ्या. रात्रीचे दहा वाजले, आणि अंघोळ काही कुणाची झाली नाही.