चिंगी हट्टी नव्हती

फ्रेंच बुलडॉग हट्टी असतो, हे मी चिंगी घरी यायच्या आधीपासून ऐकत होते. ते एक विशेषण डोक्यात पक्कं बसलं आणि तिच्या बाबतीतल्या माझ्या बहुतेक चुका त्यातूनच झाल्या. ती हॉलमध्ये शू करायची, मला तो हट्ट वाटायचा. फिरायला नेल्यावर रस्त्यात बसकण मारायची, तोही हट्टच. दोन्ही वेळा तिचं शरीर काहीतरी सांगत होतं आणि मी तिला शिस्त लावत बसले होते.

चिंगी आली तेव्हा अडीच महिन्यांची होती. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू चार महिन्यांचं होतं, आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून तोवर तिला सोसायटीच्या आवारात खाली सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते आम्ही पाळलं. पण मग घरात काय करायचं, याचा नीट विचार केला नाही. हॉलच्या कोपऱ्यात पॅड अंथरले आणि आम्ही दोघं सकाळी कामाला बाहेर पडलो ते संध्याकाळीच परत. घरी सासूबाई असायच्या, पण त्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्यावर हे काम टाकायचं नाही असं ठरलेलं. वयाच्या दर महिन्याला एखादा तास, एवढीच पिल्लाची शू धरायची ताकद असते, असा ढोबळ हिशोब आहे. त्यातही झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला लगेच जावं लागतं. दिवसभराची अपेक्षा मी कोणत्या आधारावर धरली होती, कोण जाणे.

ती पॅडवर जायला लागली तेव्हा वाटलं, जमलं. मग बाथरूमबाहेरचं पायपुसणं ओलं दिसू लागलं, आणि एक दिवस देवघरापुढची सतरंजी. आपल्याला वाटतं आपण पिल्लाला जागा शिकवतोय, पण ते पायाखालचा स्पर्शही शिकत असतं. मऊ आणि ओल शोषणारं काही पायाखाली आलं की शू करायची, हा नियम चिंगी अगदी चोख पाळत होती.

सतरंजी भिजली त्या दिवशी मी तिला मानेला धरून तिथे नेलं, नाक खाली दाबलं आणि ओरडले. लहानपणी वाड्यात सगळ्यांना असंच करताना पाहिलं होतं. शू करून बराच वेळ झालेला, त्यामुळे माझ्या ओरडण्याचा त्या शूशी संबंध तिला लागणं शक्यच नव्हतं. तिला एवढंच कळलं की शू आणि मी एका जागी असलो की काहीतरी भयंकर होतं. त्यानंतर ती माझ्यासमोर शू करेना. गॅलरीत तिच्यासोबत कितीही वेळ उभी राहिले तरी नाही. पुढे वास यायला लागला म्हणून वॉशिंग मशीन ओढून बघितलं, तर मागे भिंतीलगत वाळलेले पिवळे डाग, एकावर एक. एवढंसं पिल्लू त्या फटीत अंग चोरून, मला चुकवून जात होतं. ते बघून मला रडू आलं.

शिवाय मी दर वेळी फिनाईलने पुसत होते. आपल्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, कुत्र्याच्या नाकाला तो मिळतोच, आणि फिनाईल पंजांना लागून चाटण्यातून पोटात जातं ते वेगळंच. एन्झाइमवालं क्लीनर आणल्यावर त्या जागा सुटल्या.

खरी उकल सासूबाईंकडे होती. "अगं, जायच्या आधी ती टीव्हीखाली नाक लावून गोल गोल फिरते. मला इथे बसल्या बसल्या दिसतं," त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मग नर्सरीतून लॉनचा तुकडा आणून ट्रेमध्ये घालून गॅलरीत ठेवला. काही आठवडे मी घरून काम मागून घेतलं. ती गोल फिरायला लागली की सासूबाई हाक मारायच्या, मी तिला उचलून गवतावर ठेवायचे आणि झाल्या झाल्या उकडलेल्या चिकनचा कण. भीती जायला वेळ लागला, सवय त्यामानाने लवकर लागली.

दुसरी चूक तिच्या जिवावर बेतली असती. आमच्याकडे आधी गावठी कुत्रा होता, शेरू. तो आमच्यासोबत हनुमान टेकडी एका दमात चढायचा. कुत्रा म्हणजे दमेपर्यंत पळवायचा, हे माझ्या मनात शेरूमुळे होतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, नाकातोंडातल्या ओलाव्याची वाफ होऊन तो अंग थंड करतो. फ्रेंच बुलडॉगची कवटी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या आखूड करत आणली, पण आतली मऊ टाळू त्या प्रमाणात आखूड झाली नाही. ती लोंबून श्वासाची वाट अडवते. नाकपुड्या म्हणजे नुसत्या चिरा. धाप टाकण्याचेच इतके कष्ट होतात की त्यानेही अंग तापतं. चिंगीचं घोरणं आम्ही कौतुकाने रेकॉर्ड करून नातेवाइकांना पाठवायचो. ते तिचं श्वासाशी झगडणं होतं.

एप्रिलमध्ये, ऊन उतरलंय असं समजून, मी तिला संध्याकाळी टेकडीवर नेलं. दगड अजून तापलेले होते. निम्म्या चढावर ती मागचे पाय पसरून पोट जमिनीला टेकवून बसली. मी पट्टा ओढला, आणि पट्टा गळ्यातला होता. ती उठली, चार पावलं चालली, पुन्हा बसली. मी पुन्हा ओढला. मग श्वासाचा आवाज बदलला, करवतीसारखा खरखरीत झाला. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, तोंडाला चिकट फेस आला, हिरड्या लालभडक. फिरायला आलेल्या एका बाईंनी माझ्या हातातली बाटली घेऊन तिच्या पोटावर आणि मांड्यांच्या आत पाणी ओतलं, ओढणीने वारा घातला आणि म्हणाल्या, "ताई, पळा आता." दवाखान्यात पोचेपर्यंत रिक्षात मी उरलेलं पाणी ओतत होते. तिथे ताप मोजला तर 105 फॅरनहाइटच्या वर. कुत्र्याचा नेहमीचा 101 ते 102.5 असतो. रात्रभर सलाईन चाललं. ती वाचली.

आता गळ्यात पट्टा नाही, छातीवरून जाणारा हार्नेस आहे. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत सोसायटीला एक फेरी, तीही ती म्हणेल तिथवर. बसली की मीही थांबते. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघते, पाचेक सेकंद ठेववली नाही तर घरी परत. बाकी व्यायाम घरात होतो. टॉवेलच्या घड्यांत लपवलेले दाणे शोधताना तिचं डोकं दमतं आणि ती शांत झोपते. वजनावर मात्र कडक लक्ष ठेवते, कारण चरबी वाढली की श्वासाची वाट आणखी अरुंद होते.

कोणी फ्रेंच बुलडॉग घ्यायचा विचार सांगितला की मी आधी त्यांना पिल्लाच्या आईला थोडं चालवून तिचा श्वास ऐकायला सांगते. अशा आखूड नाकाच्या पैदाशीवर नेदरलँड्समध्ये कायद्याने बंधनं आहेत. आपल्याकडेही ती यावीत, असं मला मनापासून वाटतं.

चिंगीच्या नाकपुड्या रुंद करायची शस्त्रक्रिया नसबंदीबरोबरच करून घ्यायची ठरली आहे, म्हणजे भूल एकदाच द्यावी लागेल. या जातीला भुलेतून बाहेर येतानाचा धोका मोठा असतो, म्हणून ती पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत श्वासनळीतली नळी काढणार नाही ना, हे मी सर्जनना आधी विचारलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं, तेव्हाच तारीख घेतली.