उन्हाचा हिशेब : दोंडाईचा ते तोरणमाळ

खानदेश-सातपुडा दैनंदिनी, फेब्रुवारी

सोमवार, दोंडाईचा

सातपुड्यात विजेच्या खांबाशिवाय मुक्काम करायचा, तर गाडीतली बॅटरी आणि छतावरचं सोलर दोन्ही बदलायला हवं, हे नाशिकहून निघतानाच ठरलं होतं. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 साली आलं. त्यात वीज-पाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. आम्हाला जायचंय ते रस्ते मात्र अशा सोयींपासून लांब आहेत.

कामासाठी दोंडाईचा निवडलं. मिरचीच्या बाजाराचं हे गाव. शेतपंपाची मोटार, घरचा इन्व्हर्टर, शेतातला सौर पंप अशी सगळी कामं करणारी माणसं इथे भेटतात. गॅरेजमधल्या दादांनी गाडीत शिरून पहिला प्रश्न केला, "ताई, रोज किती युनिट लागतात तुम्हाला?"

या एका प्रश्नावर मी निर्धास्त झाले. शाळेत विज्ञान शिकवताना मुलांना मी हेच सांगायचे, आधी मोजा. मी वही पुढे केली. बारा व्होल्टचा फ्रिज चालू असताना 50 वॅट घेतो, पण दिवसाचा साधारण निम्माच वेळ चालतो, त्याचे 0.6 युनिट. 28 वॅटचे दोन बीएलडीसी पंखे दहा तास चालले, तर 0.56. दिवे 0.1, फोन आणि लॅपटॉप 0.3, पाण्याचा पंप आणि मिक्सर मिळून 0.1. बेरीज 1.66 युनिट. स्वयंपाक गॅसवर. 1400 वॅटची इंडक्शन शेगडी अर्धा तास चालली तर एकटी 0.7 युनिट घेते, म्हणून रोजच्या हिशेबात ती धरलेली नाही.

दादांनी बेरीज पुन्हा करून पाहिली आणि मगच बॅटरीबद्दल बोलायला सुरुवात केली.

मंगळवार, दोंडाईचा

आज जुन्या बॅटऱ्या निघाल्या. घरच्या इन्व्हर्टरला असतात तशाच दोन ट्यूब्युलर, प्रत्येकी 12 व्होल्ट, 150 ॲम्पिअर-तास. कागदावर 3.6 युनिट. पण ॲसिडची बॅटरी वारंवार निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. त्यामुळे हाती येत होते 1.8 युनिट, आणि वजन शंभर किलोच्या वर. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो, म्हणून खोक्यातून बाहेर जाणारी नळी ठेवावी लागे. शिवाय उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढलं की या बॅटरीचं आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येतं. खानदेशच्या मे महिन्यात बंद गाडीत तिची काय अवस्था होत असेल, याचा अंदाज इथल्या माणसाला सांगावा लागत नाही.

त्यांच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल आले. प्रत्येक सेल 3.2 व्होल्ट, 280 ॲम्पिअर-तास, वजन साधारण साडेपाच किलो. एकापुढे एक जोडल्यावर 12.8 व्होल्ट आणि 3.58 युनिट. म्हणजे कागदावर जुन्याइतकंच. पण यातले 80 टक्के बिनधास्त वापरता येतात, म्हणून हाती सुमारे 2.87 युनिट.

जोडणीच्या आधी दादांनी चारही सेल समांतर जोडले आणि रात्रभर एकाच व्होल्टेजला येऊ दिले. चारांतला एक जरी मागे राहिला, तरी सगळी बॅटरी त्याच्या मर्यादेत अडकते. बीएमएसची पाटी लागते ती यासाठीच. कुठलाही सेल 3.65 व्होल्टच्या वर किंवा 2.5 च्या खाली जाऊ लागला, की ती प्रवाह तोडते.

मोबाइलमधल्या लिथियमपेक्षा हे रसायन उष्णतेत बरंच शांत असतं. तरीही 45 अंशांच्या वर चार्जिंग टाळलेलं बरं. म्हणून खोकं मागच्या काचेजवळून काढून मधल्या पलंगाखाली नेलं आणि हवा खेळायला छोटा पंखा बसवला. जुन्या बॅटऱ्या भंगारात घातल्या नाहीत, विक्रेत्याकडे परत दिल्या. 2022 च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. शिसं उघड्यावर वितळवलं तर ते मातीत आणि मुलांच्या रक्तात जातं, ही गोष्ट प्रत्येक गाडीवाल्याने मनावर घ्यायला हवी.

बुधवार, दोंडाईचा

आजचा दिवस छतावर गेला. पॅनेल दोन, प्रत्येकी 330 वॅट, लांबी साधारण दोन मीटर, रुंदी एक मीटर. दुपारी पत्र्याला हात लावता येईना. "आते ऊन उतरू द्या, मंग वर चढूत," दादा म्हणाले आणि आम्ही कळण्याची भाकरी, ठेचा घेऊन सावलीला बसलो. फेब्रुवारीतलं ऊन, तरीही हे.

पॅनेलवर छापलेला वॅटचा आकडा सेल 25 अंशांवर असतानाचा असतो. तापल्या पत्र्यावर सेल 65 अंशांपर्यंत सहज जातो. दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट, म्हणजे चाळीस अंशांना 14 टक्के. 330 चं पॅनेल मग 284 वॅटच देतं. खानदेशात उजेड उदंड आहे, पण त्याच्यासोबत येणारी उष्णता त्यातला वाटा परत घेते. त्यामुळे पॅनेल पत्र्याला चिकटवली नाहीत. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर चार इंच उचलून बसवली, म्हणजे खालून वारा जाईल. पॅनेलच्या सावलीने खालचा पत्राही कमी तापतो आणि रात्री आत झोपणं सुसह्य होतं, हा आणखी एक लाभ.

दोन्ही पॅनेल समांतर जोडली. ओळीने जोडली असती तर एकावरच्या सावलीचा फटका दोघांना बसू शकला असता, पाटात एका ठिकाणी ढेकूळ पडलं की पुढच्या सगळ्या वाफ्यांचं पाणी कमी होतं तसा. आम्ही गाडी बऱ्याचदा झाडाकडेला लावतो, त्यामुळे समांतर जोडणीच आमच्या सोयीची.

हिशेब असा. 660 वॅटला दिवसात पाच तासांचं भर ऊन धरलं तर 3.3 युनिट. उष्णता, धूळ, आडवं पॅनेल, तारा आणि कंट्रोलर यांची 30 टक्के तूट वजा करून राहतात 2.3. गरज 1.66. आभाळ भरून आलं तरी साठ्यावर दीड दिवस निभेल.

गुरुवार, दोंडाईचा आणि विखरण

आज तारांचं काम झालं. वाचकांनी काळजी घ्यावी ती याच टप्प्यावर. 1500 वॅटचा इन्व्हर्टर घरच्या 230 व्होल्टला साडेसहा ॲम्पिअरच देतो, पण तीच शक्ती 12 व्होल्टच्या बॅटरीतून ओढताना 125 ॲम्पिअर लागतात. तूट धरली तर 140. बारीक तार इथे तापून आग लावते. आम्ही 50 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच 200 ॲम्पिअरचा फ्यूज बसवला. सोलरसाठी 60 ॲम्पिअरचा एमपीपीटी कंट्रोलर लावला. इंजिनच्या अल्टरनेटरवरून येणारी थेट तार काढून टाकली. रिकामी लिथियम बॅटरी एवढा प्रवाह ओढते की अल्टरनेटर जळू शकतो, म्हणून मध्ये 30 ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर घातला. शेवटी इन्व्हर्टरवर पूर्ण भार टाकून दादांनी प्रत्येक जोड हाताने चाचपला. एकही तापला नव्हता.

संध्याकाळी विखरणला जाऊन आलो. या गावचे शेतकरी धर्मा पाटील. औष्णिक प्रकल्पासाठी ठरलेली आणि पुढे सौर प्रकल्पाकडे वळलेली जमीन, तिच्यात त्यांचे पाच एकर गेले. मोबदला मिळाला सुमारे चार लाख. इतरांना जास्त मिळाले, मग आपल्याला एवढेच का, हे विचारत ते वर्षानुवर्षं कार्यालयांच्या पायऱ्या चढले. जानेवारी 2018 मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि 28 जानेवारीला मुंबईत त्यांचा मृत्यू झाला.

सूर्याची वीज मला मनापासून हवी आहे. याच जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॅटचं सौर केंद्र 2013 साली उभं राहिलं, त्याचा मला अभिमान वाटतो. पण स्वच्छ विजेच्या हिशेबात शेतकऱ्याच्या जमिनीची किंमत चुकीची लिहिली गेली, तर ती वीज स्वच्छ राहत नाही. आमच्या छतावरच्या चार चौरस मीटरसाठी कुणाचं शेत गेलं नाही. मोठ्या प्रकल्पाला जमीन लागणारच, म्हणून तिथला हिशेब छतावरच्या हिशेबापेक्षाही काटेकोर असायला हवा.

शुक्रवार, सारंगखेडा, शहादा, तोरणमाळ

सकाळी निघालो. हे गाडी चालवत होते, मी शेजारी वही घेऊन. सारंगखेड्याला तापीचा पूल ओलांडला. डिसेंबरातली घोड्यांची यात्रा केव्हाच संपली आहे. डीसी-डीसी चार्जर धावत्या गाडीत साधारण 400 वॅट देत होता. दोन तासांच्या प्रवासात 0.8 युनिट म्हणजे दिवसाची जवळजवळ निम्मी गरज. ज्यांचा मुक्काम रोज हलतो, त्यांना छतावर फार पॅनेल चढवायची गरज नाही.

शहाद्यात डाळ, पीठ, भाजी भरली. राणीपूर मागे पडलं आणि घाट लागला. ‘सात पायरी’ म्हणतात त्या वळणांवर जुन्या बॅटऱ्यांचं कमी झालेलं वजन ह्यांना स्टिअरिंगवर जाणवलं. दुपार कलताना तोरणमाळला पोचलो.

शनिवार, तोरणमाळ

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर. यशवंत तलावाच्या बाजूला मोकळ्या जागी गाडी लावली. काल सूर्य मावळताना बॅटरी पूर्ण भरलेली होती. रात्री थंडीमुळे पंखे लागले नाहीत, फ्रिजही कमी चालला. सकाळी सहाला मीटरवर 84 टक्के. नऊपर्यंत कोवळं ऊन, मग चढत्या उन्हात 520 वॅटपर्यंत आकडा गेला. खाली दोंडाईच्यात तीच पॅनेल इतकी देत नव्हती. थंड वाऱ्याचा हा परिणाम. साडेअकराला बॅटरी भरली.

भरल्यानंतरचं ऊन वाया का घालवायचं, म्हणून दुपारचा वरण-भात इंडक्शनवर केला. मोठा भार उन्हाच्या वेळेत उरकायचा आणि रात्रीसाठी साठा राखायचा, ही शिस्त आता अंगवळणी पडते आहे. कंट्रोलरची वरची मर्यादा 14.6 व्होल्टऐवजी 14 वर ठेवली आहे. लिथियम बॅटरी सतत काठोकाठ भरून उन्हात ठेवली की लवकर म्हातारी होते.

गोरखनाथांच्या मंदिरात जाऊन आलो. महाशिवरात्रीच्या यात्रेची तयारी सुरू झाली आहे.

रविवार, तोरणमाळ

उद्या धडगावकडे उतरायचं. तोरणमाळ ज्या अक्राणी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात बिलगाव आहे. तिथे आदिवासी गावकऱ्यांनी श्रमदान करून जानेवारी 2003 मध्ये धबधब्याच्या पाण्यावर 15 किलोवॅटचं वीजकेंद्र उभं केलं. नर्मदा बचाव आंदोलनाची साथ होती आणि केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे अभियंते मदतीला होते. घराघरांत दिवे लागले. 2006 मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या पाण्यात ते केंद्र गेलं.

विखरण आणि बिलगाव ही दोन गावं माझ्या वहीत आता शेजारी लिहिली आहेत. बिलगावने आपल्या ओढ्यात पाणी किती आणि घरं किती ते पाहून आपली वीज आपण उभी केली. विखरणचा हिशेब दूरच्या टेबलावर झाला. विजेचा हिशेब ज्याचा त्याच्या हातात असावा, हे गाडीच्या छतालाही लागू आहे आणि तालुक्यालाही.

गाडी सज्ज करू पाहणाऱ्यांना म्हणूनच आग्रहाने सांगते, दुकानात जाण्याआधी आठवडाभर वही ठेवा. काय लागतं, किती तास लागतं, कशावाचून चालतं, ते लिहा. त्या बेरजेवरून बॅटरी ठरवा, बॅटरीवरून पॅनेल ठरवा आणि फ्यूजमध्ये काटकसर करू नका.

पुढचा भाग धडगावहून.