गाल फुगतात म्हणून...

शाळेच्या बँडपथकात मला बिगुल वाजवायचा होता. सर म्हणाले, "अगं, बिगुल मुलांचा. गाल फुगवून मुलगी बरी दिसते का? तू लेझीम घे." घेतली लेझीम. करते काय!

मागच्या सेमला सबमिशनच्या आदल्या रात्री (जर्नल सोडून!) बायकांच्या जुन्या ऑर्केस्ट्रांविषयी वाचत बसले आणि सर आठवले. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतही हेच चालायचं. मुलींनी पियानो वाजवावा; ट्रम्पेट, ट्रॉम्बोन नको, चेहरा वेडावाकडा दिसतो. मोठ्या ऑर्केस्ट्रांत तर बायकांना जागाच नव्हती. मग त्यांनी स्वतःचे काढले. व्हिएन्नात १८६०च्या दशकात योझेफिने वाइनलिशने, बोस्टनमध्ये १८८८ साली कॅरोलाइन निकोल्सने. दोघी स्वतःच कंडक्टर. पण पितळी वाद्यं वाजवणाऱ्या बायका आणायच्या कुठून? शिकवत नाहीत कारण नोकरी नाही, नोकरी नाही कारण शिकलेल्या नाहीत. प्लेसमेंटला फ्रेशरकडे 'अनुभव' मागतात ना, तस्संच! मग अशा ऑर्केस्ट्रांत त्या जागी कुठे हार्मोनियम, कुठे पैसे देऊन आणलेले पुरुष.

मला भावली ती अँटोनिया ब्रिको. १९३० मध्ये तिने बर्लिन फिलहार्मोनिक कंडक्ट केलं, तरी अमेरिकेत कायमची जागा मिळेना. १९३४ मध्ये न्यूयॉर्कला तिने फक्त बायकांचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आणि १९३९ मध्ये त्यातच पुरुषांना घेतलं! मी चक्रावलेच. मग लक्षात आलं, बायकांचा वेगळा सुभा तिला नकोच होता. वाजवता येतं की नाही एवढंच बघा, हे तिचं म्हणणं.

तेवढंच बघितलं की काय होतं? १९८० मध्ये म्युनिकला पडद्याआडून ऑडिशन झाली. ट्रॉम्बोनवर निवड झाली ॲबी कोनंटची. बोलावण्याच्या पत्रात मात्र 'श्री. कोनंट'! पडदा हटल्यावर १९८२ मध्ये तिला दुसऱ्या ट्रॉम्बोनवर उतरवलं. वर्षानुवर्षं कोर्टात लढून तिने आपली जागा परत मिळवली.

आमच्या वर्गात आम्ही मुली सहा. लेथवर जॉब मुलं करतात, आम्ही रीडिंग लिहितो. कुणी सांगितलेलं नाही, पडलीय पद्धत. परवा मीच म्हटलं, "आज रीडिंग तू लिही." पहिला जॉब बिघडला. दुसरा मापात आला.

सर, गाल नाही फुगले. हात तेवढे काळे झाले.

- द्वितीय वर्ष, मेकॅनिकल