गळ आणि कणीक

ज्या गावी म्हाइंभटांनी शके 1200 च्या सुमारास, म्हणजे इसवी सन 1278 च्या आसपास, ‘लीळाचरित्रा’च्या लीळा जुळविल्या, त्या रिद्धपुरात जन्म घेऊन आम्हांस गळाने मासे धरण्याचे व्यसन जडावे, ह्यास दैवदुर्विलास म्हणावे की निव्वळ विनोद, ह्याचा निर्णय साठी उलटली तरी आम्हांस करता आलेला नाही. त्या ग्रंथात पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेला एक ससा श्रीचक्रधरांच्या आश्रयास येतो, आणि शरण आलेल्यास मरण देता येत नाही असे सांगून स्वामी पारध्यांनाच वळवितात. ही लीळा आम्ही आईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की तो ससा आम्हांस घरातलाच कोणीतरी वाटतो. आई उपदेशी, दारी आलेल्यास ‘दंडवत प्रणाम’ केल्यावाचून बसा म्हणत नसे, आणि घरात निघालेला विंचूदेखील चिमट्यात धरून कुंपणाबाहेर पोहोचता करी. अशा घरातील एकुलता एक मुलगा दर रविवारी पहाटे पिशवीच्या तळाशी गळ लपवून वर्धेच्या काठाकडे निघे, आणि सोमवारी शाळेत मुलांस सत्य बोलण्याचा धडा देई, हे येथेच कबूल करून टाकलेले बरे.

आमच्या बाजूने एवढेच सांगता येईल की हे व्यसन परदेशातून आलेले नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने ‘लीळाचरित्रा’च्या सुमारे दीडशे वर्षे आधी ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याचे नाव आदराने घेतात. परंतु त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून, कोणत्या माशास कोणते आमिष रुचते, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, ह्याचे विवेचन राजाने मोठ्या गोडीने केले आहे, ह्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. 2024 साली आमच्या गावी मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले. तेथे कधी ओवीच्या उगमावर व्याख्यान झालेच, तर वक्त्यांनी त्याच ग्रंथाची काही पाने आणखी उलटावीत, अशी आमची नम्र सूचना आहे.

मासे धरणाऱ्यांतही उच्चनीच भाव आहेच. इंग्लंडात सॅमन आणि ट्राउट हे खानदानी मासे; त्यांच्यामागे हिंडणारा तो सद्गृहस्थ. बाकीच्या साऱ्या गोड्या पाण्यातील माशांस तिकडे ‘भरड’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी चिखलात बसणारा गळकरीही अर्थातच भरड ठरतो. साहेब हिंदुस्थानात आला तेव्हा हा भेद सामानाबरोबर घेऊन आला. 1873 साली मद्रास इलाख्यातील टॉमस नावाच्या अंमलदाराने हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तक लिहिले, त्यातला मानाचा पाट महाशीर माशाला. आम्हांस महाशिराविषयी आदर आहे. परंतु ज्याची ज्वारी भरड, बोली भरड आणि हस्ताक्षरही भरड, त्याने माशाच्या बाबतीत मात्र कुलशील पाहावे हे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. शिवाय महाशीर आमच्या गळास कधी लागला नाही, हेही ह्या तत्त्वनिष्ठेचे एक कारण असू शकेल.

आता आमिषाविषयी. ह्या विषयावर प्रत्येक गळकऱ्याचे एक मत असते, आणि इतरांचे मत चुकीचे असते. गांडूळ हे सार्वत्रिक आमिष खरे, पण त्याचे दुःख डोळ्यांस दिसते. म्हणून आम्ही ते पहिल्याच वर्षी सोडले. मरळीसाठी काही लोक जिवंत बेडूक गळास लावतात. तो प्रकार पाहून आम्ही एकदा उपाशी घरी आलो. मरळ हा मासा पिलांचा मोठा सांभाळ करणारा. तांबूस पिलांचा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरत असतो आणि आईबाप खाली पहारा देत असतात. नेमका त्याच पुंजक्यात गळ सोडला की रागाने धावून आलेली मरळ हमखास सापडते. ज्या म्हाताऱ्या भोयाने आम्हांस ही विद्या शिकविली, त्या काकाजींचा व्यवसायच मासे मारण्याचा. पण पिलांवर गळ टाकणाऱ्यास ते आपल्या चिलमीतला एक झुरकादेखील देत नसत.

राहिली कणीक. रोहू, कटला आणि मृगळ हे तिघे मूळचे गंगेच्या प्रदेशातील. सिंभोऱ्यास वर्धेवर धरण झाले, 1993 साली ते पुरे झाले, आणि नद्यांच्या पाण्यावर जलाशय पसरला. अशा जलाशयांत ह्या माशांचे बीज सोडतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, त्यामुळे एकाच पाण्यात तिघांचे भांडण होत नाही. आमच्या वाड्यातील तीन बिऱ्हाडांना हे कधी साधले नाही. ह्या कुळातील माशांना जठर नसते, असे प्राणिशास्त्र सांगते. ज्यास जठरच नाही त्याच्या पोटाची एवढी चिंता करणारा प्राणी जगात गळकऱ्यावाचून दुसरा नसेल. कोणी कणकेत सरकीची पेंड घालतो, कोणी भाजलेले शेंगदाणे, कोणी गूळ. आमच्या ओळखीचे एक पोस्टमास्तर हिंग घालीत, आणि मासा लागला नाही की हिंग भेसळीचा होता म्हणून दुकानदाराच्या नावाने बोटे मोडीत.

साधनसामग्रीविषयी आमचे मत जुनाट आहे. बांबूची काठी, नायलॉनचा दोर, आणि तरंगण्यास मोराच्या पिसाची दांडी. एवढ्यावर आमचा संसार झाला. वॉल्टन ह्या इंग्रजाने 1653 साली ह्या छंदावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तेव्हा दोर घोड्याच्या केसांचे वळीत. तेव्हापासून मनुष्याने पुष्कळ प्रगती केली, माशाने केलेली नाही, आणि तरीही सामना बरोबरीचाच राहिला आहे. आमचा पुण्याचा भाचा एकदा काचतंतूची काठी, चक्री आणि अकरा रंगांचे खोटे मासे घेऊन आला. पहिल्याच फेकीत त्याने बाभळीचे झाड पकडले, दुसऱ्या फेकीत आमचे धोतर. तिसरी फेक आम्ही होऊ दिली नाही.

काठावरच्या जनांविषयी लिहायचे तर दुसरा लेख व्हावा. ‘काही लागलं काय?’ हा प्रश्न विचारल्यावाचून वऱ्हाडातील कोणताही मनुष्य गळ टाकून बसलेल्याच्या मागून जाऊ शकत नाही. उत्तर ऐकण्यास तो थांबतो, मग बसतो, मग आपल्या मामाने ह्याच जागी धरलेल्या माशाची लांबी हातांनी दाखवितो. वर्षागणिक त्या मामांचे हात लांब होत जातात. ह्या लोकांपासून पळण्यासाठीच पुष्कळ वेळा आम्ही उन्हात बसलो आहो.

असो. मुख्य गोष्ट आईची आहे, आणि तीच सांगण्याचे आम्ही टाळीत आहो, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

प्रथम जेव्हा आईने विचारले, की रविवारी नदीवर कशास जातोस, तेव्हा आमच्या तोंडून निघून गेले, ‘माशांना कणकेच्या गोळ्या घालायला.’ हे अक्षरशः खरे होते. त्या गोळ्यांच्या पोटात काय असते, एवढेच सांगायचे राहिले. आईचा चेहरा जो फुलला, तो पाहून पुढचे वाक्य घशातच राहिले. त्या दिवसापासून शनिवारी रात्री कणीक ती स्वतः मळू लागली. शेजारच्या बाया म्हणत, मुलगा असावा तर असा. मिळालेला मासा आम्ही काकाजींच्या टोपलीत टाकून घरी रिकाम्या हाताने परतत असू. त्यामुळे ह्या पुण्यकीर्तीस कोठे डागही लागला नाही. माशांची एक टिपणवही मात्र ठेवली होती. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत, राखले. त्याच गावचे आम्ही, म्हणून आम्हीही एक गुप्त लिपी रचली. सहा महिन्यांनी ती आमची आम्हांसच वाचता येईना.

एके दिवशी काकाजी आमच्या गळाकडे बघून म्हणाले, ‘गुर्जी, कनीक कोन मयते तुमची?’

‘आई.’

‘मंग त्याईले सांगा, कापूस टाका म्हना. कापसाबिगर कनीक गयावर टिकत नाई.’

खरेच आहे, कापसाचे तंतू कणकेत मळले म्हणजे ती पाण्यात लवकर सुटत नाही. कापसाच्या मुलखात राहून आम्हांस हे ठाऊक नव्हते. आम्ही आईस सांगितले, कापसाने गोळी पाण्यात पुष्कळ वेळ टिकते, लहानसान माशांनाही वाटा मिळतो. आई आमच्याकडे क्षणभर बघत राहिली. ‘काहून रे बाबू, मासे कापूस खातेत काय?’ एवढेच म्हणाली, आणि गाठोड्यातून बोंडभर कापूस काढून पिंजू लागली. त्या साली आम्हांस जेवढे मासे लागले तेवढे आधी नाही आणि नंतरही नाही.

पुढे एका पावसाळ्यात आईच्या आंगठ्यास चिंधी बांधलेली दिसली. काय झाले म्हणून विचारता, सुई लागली म्हणाली. त्याच दिवशी आमचा कोट धुऊन दोरीवर वाळत होता, आणि त्याच्या खिशातील कागदाची पुडी नीट घडी करून कोनाड्यात ठेवलेली होती. पुडीत गळ होते. मोजले, सगळे होते. आम्ही पुडी उचलली. आई चुलीपुढे पाठमोरी होती, तिने वळून पाहिले नाही.

त्या रविवारपासून आमचे मासे लागणे बंद झाले. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. आम्ही जागा बदलल्या, वेळ बदलली, गळ बदलले. दांडी हालत असे, खालून टोचा बसत असे, आणि ओढावे तो गळ लख्ख रिकामा. पोस्टमास्तरांनी आम्हांस आपला हिंग देऊ केला. अखेर काकाजींनी आमच्या डब्यातील गोळा उचलला, दोन बोटांत दाबला, नाकाशी धरला आणि हसू लागले.

‘गुर्जी, ह्यात कापूस नाई. अन् तेल हाय मस्त. ही तं पोयाची कनीक हाय. मासे तुमच्या पंगतीले येऊन रायले.’

त्या शनिवारी रात्री आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून पाहिले. आईने परातीत कणीक घेतली, तेलाच्या बुधलीतून मोठी धार सोडली, मऊ लोण्यासारखा गोळा मळला, त्यावर पुन्हा तेलाचा हात फिरविला. कापूस कोठेही नव्हता. तिची मान वर झाली. आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग तिनेच विचारले,

‘मासे पोटभर खातेत ना, बाबू?’

‘खातात.’

‘मंग बरं.’

ह्यानंतर कणीक दुसरीकडून मळून घेणे काही कठीण नव्हते. काकाजींची सून आनंदाने मळून देती. वाटेत आईच्या गोळ्यात कापूस कालविणेही सोपे होते, तो तर बांधाबांधावर फुललेला असे. आम्ही ते केले नाही. का केले नाही, ह्याचे उत्तर शोधण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही. सात वर्षे आम्ही तो मऊ गोळा गळास लावून पाण्यात सोडीत होतो आणि मोराचे पीस हालताना पाहत होतो. गळ मात्र काढून टाकला नाही. गळकऱ्याचाही काही अभिमान असतो. लोक विचारीत, काही लागलं काय, आणि आम्ही नाही म्हणत असू. काकाजी दुरून बघून मान हालवीत. शेवटी शेवटी त्यांची दृष्टी गेली, तेव्हा ते केवळ आवाजावरून सांगत की खाल्ले, गेला.

काकाजी आधी गेले, आई त्यानंतर दीड वर्षाने. दिवस झाल्यावर बऱ्याच रविवारांनी आम्ही स्वतः कणीक मळली. काकाजींच्या सांगण्याप्रमाणे कापूस घातला. पहिल्याच गळास रोहू लागला. सहज दीड किलोचा असेल. काठावर आणून हातात धरला. तो तोंड उघडीत होता आणि मिटीत होता, आणि गळ त्याच्या ओठात आरपार गेला होता. टोपली नेणारे आता तेथे कोणी नव्हते, आणि घरी न्यावा तर चुलीवर आजही आईचीच भांडी. गळ काढण्यास आमची बोटे थरथरत होती. तो सुटला तेव्हा रोहू थोडा वेळ पाण्यात आडवाच राहिला, मग खाली गेला.

तेव्हापासून कापूस बंद आहे. आम्ही शनिवारी रात्री परात घेऊन बसतो, बुधलीतून तेल सोडतो आणि मळतो. पण आमचा गोळा कधी दगडासारखा होतो, कधी नुसते पिठले. आईच्या गोळ्यासारखा गळावर क्षणभर बसून माशाच्या तोंडात अलगद सुटणारा होत नाही. तेल किती घालावे, हे तिला विचारायचे राहून गेले.