हुडकेश्वरचा प्लॉट, तोआ पायोचा फ्लॅट

१९३६ साली मध्य प्रांत सरकारनं नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इथे, सिंगापुरात, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं तिओंग बाहरू भागात भाड्याच्या घरांची पहिली इमारत पूर्ण केली. ही दोन्ही मंडळं एकाच घराण्यातली, आणि मूळ पुरुष मुंबईचा. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे जिथे गर्दी, घाण आणि रोगराई दिसेल तिथे इंग्रजांनी तोच साचा नेला. सिंगापूरला तो १९२७ ला पोचला, नागपूरला १९३६ ला. रस्ते रुंद करा, दाट वस्त्या मोकळ्या करा, त्यासाठी जमीन संपादन करा, असा साधारण तोच अधिकार आणि तेच काम.

मी वाढलो नागपूरच्या हुडकेश्वरला आणि राहतो सिंगापूरच्या तोआ पायोला. माझ्याबद्दल एवढं पुरे. पण एकाच घराण्यातले हे दोन ट्रस्ट पुढे इतके वेगळे का निघाले, हा प्रश्न दर नागपूरवारीनंतर मला नव्यानं पडतो.

तोआ पायो हे गाव सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळानं, सगळे ज्याला एचडीबी म्हणतात त्यानं, साठच्या दशकात दलदल आणि भाजीचे मळे हटवून वसवलं. मंडळाचं मुख्यालयही आता इथंच आहे. आमच्या इमारतीचा तळमजला इथल्या रिवाजाप्रमाणे मोकळा सोडलेला आहे. एखाद्या शनिवारी तिथे मलय लग्नाच्या पंगती बसतात, पुढच्या आठवड्यात त्याच जागी चिनी घरातल्या मयताचा मांडव पडतो आणि रात्रभर ढोल-झांजा वाजतात. तक्रार कुणी करत नाही, कारण उद्या आपलीही पाळी आहे. बाजार, सरकारी दवाखाना, वाचनालय, मेट्रो, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. लिफ्ट बंद पडली तर त्याच दिवशी माणूस येतो.

मी परदेशी असल्यानं मला हे घर विकत घेता येत नाही. एका निवृत्त जोडप्याकडून ते भाड्यानं घेतलंय, आणि भाडं स्वस्त बिलकुल नाही. मंडळाची स्वस्ताई नागरिकांसाठी, माझ्यासारख्याला बाजारभाव. पण आमचे घरमालकही तसे पूर्ण मालक नाहीत. जमीन सरकारची, फ्लॅट ९९ वर्षांच्या पट्ट्यानं. मुदत संपली की घर परत सरकारकडे.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. "मंग आपलं काय राह्यलं बाप्पा त्याच्यात? नव्याण्णव वर्सानं सरकार घेऊन जाईन तर?" मी म्हटलं, बाबा, सिंगापुरातले जवळपास ऐंशी टक्के लोक अशाच घरात राहतात, आणि त्यातले बहुतेक स्वतःला मालक समजतात. त्यावर बाबा म्हणाले, "समजू दे. रजिस्ट्री दाखव म्हणा."

बाबांना हसण्यात अर्थ नाही. रजिस्ट्री हातात पडूनही घर आपलं व्हायला किती वर्षं लागतात, हे त्यांनी पाहिलंय. नव्वदच्या दशकात नागपुरात मानेवाड्याच्या पुढं शेतं लागायची. एखादी गृहनिर्माण संस्था शेतकऱ्याशी सौदा करायची, एका मोठ्या कागदावर ले-आउट पाडायची. त्यात तीस फुटी रस्ते, मधे बगीचा, कोपऱ्यात शाळेची जागा. मग दीड दीड हजार फुटांचे प्लॉट महिन्याच्या किस्तीवर विकले जायचे. घेणारे कोण? पोस्टातले, एसटीतले, मिलमधले, झेडपीचे मास्तर. शहरात जमीन परवडत नाही म्हणून शहराबाहेर आलेली माणसं. जमीन कागदोपत्री शेतीचीच, एनए म्हणजे बिगरशेती परवाना नाही, मंजूर नकाशा नाही. घरं उभी राहिली, बोअर खोदले, सेप्टिक टँक बांधले, पावसाळ्यात स्कूटर मेन रोडवर ठेवून चिखलातून घरी आले. वीज आली, ग्रामपंचायतीचा कर सुरू झाला. आणि मग वर्षानुवर्षं एकच विषय: आरएल झाला का? म्हणजे ले-आउट नियमित होऊन प्रन्यासाचं नियमितीकरणाचं पत्र हाती आलं का. ५७२ ले-आउट आणि १९०० ले-आउट हे नियमित करायच्या याद्यांचे आकडे नागपुरात कुठल्याही प्लॉटवाल्याला विचारा, डिमांड नोट भरायला कुठे रांग लागायची हेही तो सांगेल. २००१ ला राज्यानं गुंठेवारीचा कायदा केला: १ जानेवारी २००१ च्या आधीचे असे प्लॉट नियमित करू. २०२१ ला दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. मधल्या वीस वर्षांत काय घडत राहिलं, ते या दोन तारखाच सांगतात. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ ला महापालिकेत आलं तेव्हा गाव भरून गेलं होतं. नकाशातल्या बगीच्याची जागा शोधायला गेलं तर अनेक ठिकाणी तिथेही घरंच.

मला फरक दिसतो तो इथे. सिंगापुरात मंडळ माणसांच्या आधी जमिनीवर पोचतं. नागपुरात माणसं आधी पोचतात आणि ट्रस्ट मागून पावती घेऊन येतो.

सिंगापूरचा ट्रस्टही सुरुवातीला काही थोर नव्हता. ३२ वर्षांत त्यानं जेमतेम २३ हजार घरं बांधली. १ फेब्रुवारी १९६० ला तो बरखास्त झाला, त्याच्या जागी गृहनिर्माण मंडळ आलं आणि लिम किम सान नावाच्या व्यापाऱ्याकडे त्याची सूत्रं गेली. पहिल्या पाच वर्षांतच मंडळानं पन्नास हजारांवर घरं उभी केली. मधे २५ मे १९६१ ला बुकित हो स्वीच्या झोपडवस्तीला आग लागली, सुमारे सोळा हजार लोक उघड्यावर आले, आणि त्याच जळक्या जागेवर वर्षभरात नव्या इमारतींत लोक राहायला गेले. हे जमलं ते इंजिनिअर हुशार होते म्हणून नव्हे. जमीन हातात होती, आणि नव्हती ती घेण्याची तयारी होती. १९६६ च्या भूसंपादन कायद्यानं सरकारला जवळपास हवी ती जमीन घेता येऊ लागली. पुढे मोबदल्याचा भाव १९७३ च्या किमतीला बांधून ठेवला. पूर्ण बाजारभाव द्यायला सुरुवात झाली २००७ ला. आज देशातली नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन सरकारची आहे. ज्यांची शेतं, ज्यांची कौलारू गावं गेली, त्यांनी ही किंमत मोजली. इथले लोक ते फारसं बोलत नाहीत. आमच्याकडच्या शेतकऱ्याला कुणी असा भाव दिला असता तर तो ट्रॅक्टर घेऊन नागपूरच्या व्हरायटी चौकात बसला असता, आणि बरोबरच केलं असतं.

आपल्याकडे तो मार्ग आता बंदच आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला द्यावा लागतो, शहरी भागात दुप्पट. शहरात जास्तीची जमीन स्वस्तात हाती यावी म्हणून १९७६ ला नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला होता. कायदा वाईट नव्हता, पण जास्त चर्चा झाली ती त्यातल्या सवलतींच्या कलमांची. केंद्रानं तो १९९९ ला रद्द केला, महाराष्ट्रानं २००७ ला. म्हणजे उरलं काय? सरकार (नझूल, म्हणजे शहरातली सरकारी जमीन, त्यात आलीच), महापालिका आणि प्रन्यास यांच्या नावावर आज जे आहे तेवढंच. त्याचा हिशेब नीट ठेवला नाही तर पुढच्या पिढीसाठी एक एकरही राहणार नाही.

हुडकेश्वरहून फार लांब नसलेल्या, उमरेड रोडवरच्या मौजा हरपूरची गोष्ट म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. तिथली प्रन्यासाची सुमारे साडेचार एकर जमीन झोपडपट्टीवासीयांच्या घरांसाठी राखलेली होती. एप्रिल २०२१ ला तत्कालीन नगरविकास मंत्री एकनाथ शिंदे यांच्या आदेशानं ती सोळा खाजगी व्यक्तींना देण्याचं ठरलं. डिसेंबर २०२२ ला, ते मुख्यमंत्री असताना, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जैसे थे ठेवायला सांगितलं आणि हिवाळी अधिवेशनात त्यावरून गदारोळ झाला. विरोधकांनी जमिनीची किंमत ८३ कोटी सांगितली. शिंदे यांनी आरोप फेटाळले, आणि तो आदेश मागे घेतला गेला. राजकारण बाजूला ठेवू. माझ्या मनात राहिलं ते एवढंच की त्या साडेचार एकरांत कितीतरी कुटुंबं राहू शकली असती, आणि त्या वादात सर्वात कमी ऐकू आला तो त्यांचाच आवाज.

नागपूरला हे काम कधी जमलंच नाही असंही नाही. विदर्भ हाऊसिंग बोर्डानं, आणि १९७७ नंतर म्हाडानं, सरकारी जमिनीवर क्वार्टर बांधले. रघुजीनगरला आत्याकडे गेलो की त्या क्वार्टरांच्या रांगा दिसायच्या. घरं लहान, पण नळाला पाणी आणि शाळा जवळ. अलीकडे वाठोडा, तरोडी खुर्द, वांजरी इथे पंतप्रधान आवास योजनेची घरं झाली. त्यात केंद्राचं दीड लाख आणि राज्याचं एक लाख अनुदान. चांगलंच आहे. पण ती विकायची घरं आहेत. सीताबर्डीला दुकानात काम करणाऱ्या, बँक ज्याला उभं करत नाही अशा माणसानं हप्ते कुठून भरायचे? सिंगापुरात गरिबांसाठी एक-दोन खोल्यांची भाड्याची घरं मंडळ स्वतः ठेवून आहे, आणि सर्वात कमी उत्पन्नवाल्याचं भाडं महिना २६ डॉलरपासून सुरू होतं. या देशाचं मला सर्वात जास्त काय आवडतं म्हणाल तर मंडळाची पन्नास मजली पिनॅकल इमारत नव्हे, ही घरं.

आणि न आवडणारंही सांगतो, नाहीतर घरी गेल्यावर मित्र म्हणतील, सिंगापूरचा झाला. या शहराची घरं ज्यांनी बांधली ते तमिळ आणि बांगलादेशी मजूर त्या घरांत राहत नाहीत. ते शहराच्या कडेला डॉर्मिटरींत, एका खोलीत बारा-पंधरा. २०२० ला कोविड आला तेव्हा तो त्या डॉर्मिटरींत वणव्यासारखा पसरला आणि महिनोन्महिने त्यांना बाहेर पडायला बंदी होती. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचे टक्के ठरलेले आहेत. वस्त्या वेगळ्या पडू नयेत हा हेतू, पण इमारतीतला चिनी कोटा भरला की भारतीयाला आपलं घर चिनी गिऱ्हाइकाला विकता येत नाही, आणि गिऱ्हाईक कमी म्हणजे भाव कमी. जुन्या फ्लॅटांच्या पट्ट्याची वर्षं सरत आली तशी किंमतही घसरते. ९९ वर्षांनंतर काय, हा प्रश्न आता इथल्या चहाच्या टेबलावर आलाय. २०२० च्या डिसेंबरअखेर गेलांगमधल्या १९१ जुन्या घरांचा ६० वर्षांचा पट्टा संपला आणि ती मोबदल्याशिवाय सरकारजमा झाली. बाबांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

पण पट्टा म्हणजे काही सिंगापूरचं खूळ नाही. नागपुरातल्या कितीतरी चांगल्या घरांखालची जमीन नझूलच्या पट्ट्याची आहे, आणि प्रन्यास प्लॉट देतो तोही तीस वर्षांच्या लीजवर, बहुधा लिलावानं. फरक एवढाच की तिथे लीज जास्त बोली लावणाऱ्याला मिळते. त्याच नियमांत, त्याच लीजवर, राखीव प्लॉट भाड्याच्या घरांसाठी प्रन्यासानं स्वतःकडे ठेवले तर कायद्याला धक्का लागत नाही. झोपडपट्टीवाल्यांना त्यांच्या जागेचे मालकी पट्टे देण्याचं काम नागपुरात सुरू आहे. मला ते मान्य आहे, कारण त्या माणसाला उशिरा का होईना आपल्या पायाखालची जमीन मिळते. मात्र पुढच्या वर्षी बालाघाटहून, गडचिरोलीहून जो येईल, त्याला पट्टा मिळायला आधी झोपडी बांधावी लागेल. ती बांधायची नसेल तर त्याला महिना हजार-दोन हजारांत कुलूप लागणारी खोली कुठे मिळते, हे प्रन्यासाच्या अभियंत्यांनी उमरेड रोडवर एकदा चालत फिरून पाहावं. बेसा, पिपळा आणि हुडकेश्वरच्या पलीकडे पुढचे ले-आउट पडायला सुरुवात झालीच आहे.