लाकडाचा बाजार

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव नावाचे गाव आहे. मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरीस तेथे खंडोबाची मोठी यात्रा भरते आणि यात्रेबरोबर जनावरांचा बाजारही भरतो. घोडे येतात, गाढवे येतात, उंटही येतात. घेणारा घोड्याचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, त्याला चार पावले पळवून पाहतो आणि मगच किमतीची गोष्ट काढतो. जनावरांप्रमाणे लाकडाचाही बाजार असतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. तो वनखात्याच्या विक्री आगारात भरतो. तेथे वाजंत्री नाही, भंडारा नाही, मिठाईची दुकाने नाहीत. पण पारख मात्र माळेगावइतकीच कसून चालते.

या बाजाराची गरज समजण्यासाठी नकाशावर नजर टाकावी. नांदेडच्या उत्तरेस पैनगंगेच्या काठाने किनवट आणि माहूर हे डोंगराळ तालुके आहेत. साग, मोह, तेंदू, पळस यांची ही भूमी. किनवट पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा ते नांदेडला जोडले गेले. गोंड, कोलाम, आंध या लोकांची वस्ती तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आता दक्षिणेस लातूरकडे पाहावे. काळी कसदार जमीन, ज्वारी, तूर, सोयाबीन, आणि दृष्टी पोहोचेल तेथवर मोकळे माळ. जंगल म्हणावे असे क्षेत्र या जिल्ह्यात शेकडा एकही भरत नाही. परंतु दार सर्वांनाच हवे, चौकट हवी, पाळणा हवा. ज्याच्याकडे झाड नाही त्याला लाकूड विकतच घ्यावे लागते.

आगारात शिरताच प्रथम जाणवतो तो वास. ताज्या कापलेल्या सागाला कमावलेल्या चामड्यासारखा काहीसा उग्र गंध असतो. मोठ्या मैदानावर ओंडके ओळीने रचलेले असतात. सारख्या जातीच्या व सारख्या मापाच्या ओंडक्यांचे गट करतात; व्यापारी त्यांना लॉट म्हणतात. प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक, लांबी आणि घेर लिहिलेला असतो. विदर्भातील बल्लारपूरचे आगार तर यासाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेले ते तेथूनच.

लिलावाच्या आधी घेणाऱ्यांना माल पाहण्याची मुभा असते, आणि खरा बाजार तोच. जाणता सुतार ओंडक्याभोवती फिरतो, वाकतो, कापावर हात फिरवतो. मधोमध सोनेरी-तपकिरी दिसतो तो गाभा. त्यातील तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. बाहेरचा फिकट भाग कच्चा. तो जेवढा जाड, तेवढे लाकूड हलके ठरते. गाठ आहे काय, भेग किती खोल गेली आहे, ओंडका आतून पोकळ तर नाही, हे तो टकटक करून ऐकतो. घोड्याचे वय दातांवरून ताडावे लागते. सागाचे वय कापावरच लिहिलेले असते. दरसाल एक कडे. ज्या वर्षी पाऊस भरपूर त्या वर्षीचे कडे बहुधा रुंद, ज्या वर्षी अवर्षण त्या वर्षीचे अरुंद. १९७२ च्या दुष्काळाच्या कथा मराठवाड्यातील आजोबा-आजी सांगतात. तो काळ पाहिलेल्या झाडांनी त्याची नोंद आपल्या अंगावर ठेवलेली असते. चांगल्या इमारती सागाला साठ-सत्तर कडी सहज असतात. एवढ्या आयुष्याची किंमत दोन-चार मिनिटांत ठरते, हे जरा विचित्रच म्हणावयाचे!

माप काढण्याची रीतही मोठी मजेची आहे. ओंडक्याच्या मध्यावर फीत गुंडाळून घेर घेतात. घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करतात आणि त्याला लांबीने गुणतात. समजा, ओंडका ३ मीटर लांब आहे आणि घेर १.२ मीटर आहे. चौथा भाग ०.३, त्याचा वर्ग ०.०९, आणि ३ ने गुणले की ०.२७ घनमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकलेला विद्यार्थी येथे हरकत घेईल, आणि ती रास्तच आहे. त्याच्या हिशेबाने ०.३४ घनमीटर भरतात. पण गोल ओंडका चौरस करताना चारी बाजूंनी फळ्या व भुसा निघून जातो, त्याची सूट या जुन्या रीतीत आधीच धरलेली असते. ज्याने कधी करवत हाती धरली नाही, त्याला ही रीत सुचली नसती.

मग बोली. वनखाते हातची किंमत ठरवते. तिच्या खाली माल सुटत नाही. पूर्वी बोली तोंडाने पुकारली जाई, आता ती बहुधा संगणकावर लावली जाते. त्यामुळे गलबला संपला. मात्र शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधण्याची सोयही गेली.

एवढी यातायात करून नेलेले लाकूड लातूरकडे कोठे जात असे? तेथील जुनी घरे माळवदाची. घर किती मोठे हे खणांवर मोजीत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर थंडगार राही. दि. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने ही घरे हादरली. बावन्न गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे मातीच्या छताखाली आणि दगडी भिंतींखाली गेली. मातीत रचलेले दगड सुटून पडले. पण काही घरांत भिंती ढासळूनही लाकडाचा सांगाडा वरचा भार पेलीत उभा राहिला, आणि त्याखालची माणसे वाचली. तो खांब कोणत्या डोंगरावर वाढला, कोणी तोडला, कोणी पारखून घेतला, हे त्या वाचलेल्या माणसांना कोण सांगणार? पण ओंडका घेताना पोकळ आहे की भरीव, हे कोणीतरी टकटक करून ऐकले होते खास.

म्हणूनच या बाजारात एक प्रश्न किमतीहून मोठा आहे: लाकूड आले कोठून? रात्रीच्या अंधारात चोरून तोडलेला सागही कोणी ना कोणी विकावयास आणतो. तो स्वस्त मिळतो. त्याची कडी तशीच, गाभा तसाच सोनेरी. सुताराच्या रंध्याला दोहोंत फरक कळत नाही. फरक कळतो तो लहानशा खुणेने. तोडावयाच्या झाडावर वनखाते लोखंडी हातोड्याने दोन ठिकाणी ठसा उमटवते, एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुंध्याशी. झाड पडले की वरचा ठसा खोडाबरोबर जातो. पुढे ओंडक्यांवर नवे ठसे पडतात, वाहतुकीचा परवाना मिळतो, आणि माल आगाराबाहेर पडतो.

खालचा ठसा मात्र जंगलातच राहतो. किनवटच्या रानात फिरणारा वनरक्षक तोडलेला बुंधा दिसला की प्रथम खाली वाकतो आणि पाचोळा बाजूला सारून तो ठसा शोधतो. ठसा सापडला, तर तो पुढे चालू लागतो. नाही सापडला, तर वहीत नोंद करतो आणि आसपास गाडीची चाकोरी उमटली आहे काय ते पाहू लागतो. पाऊस सुरू झाला की दोन्ही प्रकारच्या बुंध्यांना धुमारे फुटतात. ती कोवळी पाने फार मोठी होतात, आणि तळहातावर चोळली तर हात लालभडक होतो.